वरून फोन येईपर्यंत

सोमवार, ३ तारीख

कामाचा पहिला दिवस, आणि पहिल्याच तासात डोकं फिरलं.

एक म्हातारा पाहुणा बॅग घेऊन निघाला. त्यानं माझ्या हातात नोट ठेवली, वरून माझी मूठ मिटली आणि म्हणाला, "पोरी, ही तुला." मी नोट खिशात घातली. तो दाराबाहेर पडतो न पडतो तोच दारावरचा सुभेदार खाकरला. सुभेदार म्हणजे सैन्यातला वगैरे नाही. खांद्यावर सोनेरी झालरीचा कोट घालून दार उघडतो म्हणून सगळे त्याला सुभेदार म्हणतात.

"खिशातलं डब्यात टाक."

"ती मला दिलीय."

"इथं कुणी कुणाला देत नाही. तुझा हात म्हणजे पोस्टाची पेटी समज. वरून पडतं, खाली दुसराच कुणीतरी काढतो."

डबा काचेचा, काउंटरवर ठेवलेला. किल्ली मॅनेजरकडे. शनिवारी मॅनेजर वाटणी करतो, नव्या माणसाला पहिले तीन महिने वाटा नाही. हा कुठला न्याय? मी तोंड उघडणार होते, पण मॅनेजर म्हणजे आमचा दादा, माझा मावसभाऊ. नववीत गणिताचं आणि माझं बिनसलं तेव्हापासून मी भटकतेय. बोटीवर बटाटे सोलले, सर्कशीच्या तंबूत तिकिटं फाडली, एका बाईंची तीन कुत्री फिरवली (त्यातलं एक आंधळं होतं आणि तेच सगळ्यात सरळ चालायचं, पण ते असो). पैसे संपले की नातेवाईक आठवतात. दादानं काही न विचारता बॉयलरशेजारची खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं, आईला फोन करून "मावशी, काळजी सोड, भिंगरी आता माझ्याकडे आहे" म्हणाला. अशा माणसाशी पहिल्याच दिवशी डब्यावरून कसं भांडायचं? डब्याची जबाबदारी अंगावर घेतो, तेही शनिवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी. बिचारा.

तरी माझी नोट ती माझी नोट. सुभेदाराकडे बघत टाकली डब्यात. अशी टाकली की त्याला कळावं.

बुधवार, ५

आमच्या समोरची अख्खी गल्ली नाचगाण्याच्या क्लबांची. माझी पाळी सकाळची, त्यामुळे मला रात्रीचं फक्त उष्टं दिसतं. विझलेल्या पाट्या, धुतलेल्या फरश्या, सँडल हातात घेऊन चालणाऱ्या बाया, आणि आपण काल रात्री कोण होतो हे आठवणारे पुरुष.

त्यातले निम्मे आमच्याकडे उतरतात आणि येऊन मलाच विचारतात: नाचणाऱ्या बाईला पैसे कसे द्यायचे, हातात की दुसरीकडे? बारवाल्याला किती? खोलीत कुणाला आणलं तर चालतं का? मी काय सगळ्यांची काकू आहे? म्हणून दादानं आज मला काम दिलं. "भिंगरी, तुझं अक्षर बरं आहे. सगळं एका कार्डावर लिही. छापून खोल्यांत ठेवू."

मग मी अभ्यास केला. आयुष्यात पहिल्यांदा! सुभेदारानं शिकवलं: क्लबात नोट रंगमंचाच्या कडेच्या थाळीत ठेवायची, अंगावर उधळायची नाही. बारवाल्याची ग्लासाखाली दाबून ठेवायची. दारवानाला जाताना नाही, येतानाच द्यायची. हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं.

खोल्या झाडणाऱ्या आक्कांनी जे सांगितलं त्यानं मात्र माझं रक्त तापलं. पाहुणे टीप उशीवर ठेवून जातात. पण उशीवरचे पैसे हे आक्कांचे की पाहुणा विसरला, कोण सांगणार? उचलले तर चोरी. म्हणून आक्का ते रोज खाली आणून देतात आणि दादा ते 'सापडलेल्या वस्तूं'च्या ड्रॉवरात टाकतो.

"आणि मग?"

"मग काय. सापडलं ते हरवलं," आक्का म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

मी कार्डावर ठळक लिहिलं: 'टीप ठेवताना सोबत चिठ्ठी ठेवावी, आक्कांसाठी म्हणून.' दादानं तेवढी एक ओळ काढून टाकली. म्हणाला, "पाहुण्यांना लिहायला लावायचं नाही, सुट्टीवर आलेत ते." खरं आहे म्हणा, सुट्टीवर मलाही कुणी निबंध लिहायला सांगितला असता तर मी पळालेच असते. दादाला माणसं कळतात. पण आक्कांचं काहीतरी करायला पाहिजे, दादाच्या डोक्यात असेलच.

चौथा नियम त्यानं स्वतः सांगितला, मी शब्द बसवले. पाहुण्याबरोबर जो किंवा जी खोलीत जाईल त्यांना आमच्या भाषेत 'सोबती' म्हणतात. सोबतीनं आपलं ओळखपत्र काउंटरवर ठेवायचं. ते त्या खोलीच्या नंबराच्या कप्प्यात राहतं. सोबती निघाली की पाहुण्यानं खोलीतून फोन करायचा, "ठीक आहे, सोडा." मग ओळखपत्र परत. मागं एकदा कुणाचा तरी लॅपटॉप गेला होता, तेव्हापासून हे आहे म्हणे. मला आवडला नियम. सगळ्यांची सोय.

गुरुवार, ६

आज एक बाई माझ्याशी भांडून गेली आणि मी अजून धुमसतेय.

समोरच्या क्लबात नाचते. तिला गल्लीत वकीलीण म्हणतात, कारण ती कशावरही वाद घालते. दिव्याच्या खांबाशीही घालेल. वरून फोन आला, मी तिचं ओळखपत्राचं कार्ड काढून दिलं, तर तिची नजर काउंटरवरच्या माझ्या नव्या कार्डावर गेली. उभ्या उभ्या सगळं वाचलं.

"कुणी लिहिलं?"

"मी," मी ताठ झाले.

"अक्षर सुंदर आहे. मजकूर तपासून घे."

"काय चुकलंय?"

"माझं कार्ड तुझ्या कप्प्यात, मी त्याच्या खोलीत, आणि फोन त्याच्या उशाशी. त्याचं काय आहे तुझ्याकडे?"

"त्यांचा पासपोर्टही आम्ही ठेवतो."

"तो कधी देतेस परत?"

"हॉटेल सोडताना."

"मला विचारून देतेस?" असं म्हणून ती गेली सुद्धा. आता मी हिला कशाला विचारू? हिचा काय संबंध? उत्तर सुचलं तेव्हा ती रस्त्याच्या पलीकडे पोचली होती. मला उत्तरं नेहमी माणूस गेल्यावर सुचतात. सर्कशीतल्या विदूषकानं मला सांगितलं होतं की अशा माणसांनी लेखक व्हावं. तो स्वतः पुढं विम्याचा एजंट झाला.

रविवार, ९

तीनशे बारामध्ये एक पाहुणा आलाय. दर दोन महिन्यांनी येतो म्हणे. सगळे त्याला दिलदार म्हणतात. गाडीतून उतरताना सुभेदाराला नोट, लिफ्टपर्यंत जाताना बॅगवाल्याला नोट, बॅग स्वतःच ओढत होता तरी! आक्कांना बोलावून हातात दिली, उशीवर नाही. मला बघून म्हणाला, "नवीन दिसतेस, राणी," आणि एवढी मोठी नोट दिली की मी ती उजेडात धरून बघितली. आणि दादा चक्क म्हणाला, "ही डब्यात नको. ठेव तुला." दादा मनानं मोठा आहे, मी सांगत होते ना.

त्या पैशांत बूट घेतले, पाणी आत न जाणारे. आधीच्यांतून इतकं पाणी आत यायचं की मासे पाळता आले असते.

हॉटेलात आज सण असल्यासारखं वाटत होतं. सुभेदार शीळ घालत होता.

मंगळवार, ११

सकाळी वकीलीण खाली आली आणि कार्डासाठी हात पुढे केला. म्हटलं, फोन नाही आला. कुठली खोली? तीनशे बारा. मी वर फोन लावला, कुणी उचलेना.

"झोपलाय," मी म्हटलं.

"जागा आहे. मी दार ओढलं तेव्हा हसत होता."

मग ती लॉबीतल्या सोफ्यावर बसली. मला वाटलं आता हिचं भाषण सुरू होणार. पण तिनं पिशवीतून एक पुस्तक काढलं, मांडीवर ठेवलं, दोन्ही हात हवेत धरले आणि मोठ्ठं चाक फिरवायला लागली. पायानं क्लच दाबला. आरशात बघितलं. आरसा म्हणजे आमची कुंडी.

"काय करताय?"

"वळण घेतेय. मध्ये येऊ नकोस, चिरडली जाशील."

तर वकीलीणबाईंना बस चालवायची आहे! शहराच्या बससेवेत भरती आहे. अवजड वाहनाची परीक्षा शुक्रवारी सकाळी नऊला, गावाबाहेरच्या मैदानावर. एक वर्ष ती दुपारी एका मालवाहू ट्रकवाल्याकडे शिकतेय. तो पहिल्यांदा म्हणाला होता, तुमचे पाय पोचणार नाहीत. ती म्हणाली, माझे पाय काय करू शकतात ते गल्लीत कुणालाही विचार.

मला बस भयंकर आवडतात. मी तिला पुस्तकातल्या खुणा विचारल्या, तिनं धडाधड सांगितल्या. एक चुकली, तर म्हणाली पुस्तक चुकलंय. इतकी मजा आली की मी दोन पाहुण्यांचे फोन उचलायचे विसरले. मग कुत्र्यांचाही विषय निघाला.

बऱ्याच वेळानं दादा वरून खाली आला. चेहरा गंभीर. तीनशे बाराच्या पाहुण्याचा सोन्याचा लायटर गेलाय. तो सापडेपर्यंत कार्ड द्यायचं नाही.

वकीलीण उभी राहिली. पिशवी काउंटरवर उलटी केली. कंगवा, चपला, पुस्तक, सफरचंद. "झडती घे. बाईला बोलव आणि अंगाचीही घे."

"माझ्या हातात नाही," दादा म्हणाला. "पाहुण्याची तक्रार आहे. नियम आहे."

"परीक्षेला मूळ कार्ड लागतं. नवं काढायला दीड महिना जातो. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी आहे."

"मग लायटर लवकर सापडो," दादा म्हणाला आणि कप्प्यातलं कार्ड काढून आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणजे सुरक्षित राहावं म्हणून.

बुधवार, १२

काय बोलू! काय लिहू! पेन कागदात रुततंय.

सकाळी दिलदार दाराशी उभा राहून सिगारेट ओढत होता. पेटवली कशानं? सोन्याच्या लायटरनं! मी माझ्या या डोळ्यांनी बघितलं. सुभेदार त्याच्या शेजारी हात आडवा धरून वाऱ्याला आडोसा देत होता!

दिलदार आत गेल्यावर मी धावले. "सुभेदार, बघितलंत ना?"

"काय?"

"लायटर!"

"लायटरसारखे लायटर असतात, पोरी."

"सोन्याचे? दोन दोन?"

"श्रीमंताकडे असतात." माझ्याकडे न बघता त्यानं कोटाची झालर साफ केली. झालर साफच होती.

आक्कांकडे गेले. आक्का चादरी मोजत होत्या. म्हणाल्या, "त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशात असतो तो. काल पण होता, परवा पण होता. शर्ट मीच झटकते."

"मग बोलत का नाही?"

"तू बूट कशाचे घेतलेस?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि पुन्हा मोजायला पहिल्यापासून सुरुवात केली.

मला इतका राग आला की मी जिन्यात जाऊन भिंतीला लाथ मारली. बूट चांगले आहेत, भिंतीलाच लागलं. पण मी कुठं कुणाला विकली गेलेय? मला माहीत होतं का तो असा आहे म्हणून? चोराच्या उलट्या बोंबा, आणि आम्ही सगळे त्याला माचिस पुरवतोय!

दादाला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. "बरं झालं मला सांगितलंस. आणखी कुणाला बोलू नकोस. मी वर जाऊन त्याच्याशी बोलतो." गेला. बराच वेळ वर होता. त्याचं भांडण खालपर्यंत ऐकू येईल म्हणून मी लिफ्टच्या दाराला कान लावला, पण दादा आवाज चढवणाऱ्यांतला नाही. खाली आला तेव्हा कोटाचं बटण लावत म्हणाला, "प्रकरण नाजूक आहे." आणि मला बाहेरून गरम सँडविच मागवून दिलं. एवढं नाजूक प्रकरण डोक्यावर असताना.

गुरुवार, १३

वकीलीण दुपारी आली. माझी पाळी संपत आली होती. दादानं तिला बाजूला घेतलं, पण लॉबी केवढीशी, सगळं ऐकू येतं.

"साहेबांचं म्हणणं एवढंच आहे," दादा म्हणाला, "की तुम्ही परवा अर्ध्यातून उठून गेलात, बोललात काही बाही. आज संध्याकाळी वर जा, सॉरी म्हणा. ते लगेच फोन करतील."

"लगेच म्हणजे कधी?"

"सकाळी."

"सॉरी म्हणायला अख्खी रात्र लागते का?"

दादानं कोटाचं बटण चाचपलं.

"आणि लायटर?"

"तो सापडेल. त्यांना वाटतंय सापडेल."

"परवा का उठले सांगू? ठरलं होतं त्याच्याबाहेरचं मागत होता. मी नाही म्हटलं. पैसे त्याच्या टेबलावर ठेवले, परत. मोजून घे म्हटलं. त्याचा त्याला अपमान वाटला." ती हे सगळं अशा आवाजात म्हणाली की जणू बस कुठल्या थांब्यावर थांबते ते सांगतेय. "नाही जाणार मी वर."

"मग माझा नाइलाज आहे."

मी तिच्यामागून रस्त्यावर गेले. म्हटलं, पोलिसांत जा ना!

"चौकीत पहिला प्रश्न विचारतात, तू तिथं कशाला गेली होतीस. दुसरा प्रश्न विचारतच नाहीत."

"मग उद्या?"

"उद्या मी साडेसहाला इथं येऊन उभी राहणार. तो सातला निघणार आहे, विमान आहे त्याचं. जाता जाता त्याला दया आली तर आली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काही करू नकोस. तुझं जेवणखाण इथंच आहे."

ती मला असं म्हणाली याचा मला सगळ्यात जास्त राग आला. दादाला रात्री पुन्हा सांगून बघितलं. तो म्हणाला, "भिंगरी, दुनिया तुझ्या-माझ्यामुळे चालत नाही." मालकाचा दबाव असणार त्याच्यावर. तो बोलून दाखवत नाही. पण कपाटाची किल्ली मला दे म्हटलं तर तेही नाही म्हणाला.

झोप येत नाहीये. बॉयलर माझ्यासारखाच धुसफुसतोय.

शुक्रवार, १४

आजचं आजच लिहिते.

वकीलीण साडेसहाला आली. घट्ट वेणी, पायात साधे बूट, हातात पुस्तक. आज सोफ्यावर बसली नाही.

दादा वर झोपलेला. तीनशे बाराचं बिल आणि पासपोर्ट त्यानं रात्रीच पाकिटात घालून कप्प्यात ठेवला होता, साहेबांना खोळंबा नको म्हणून. मी त्या पाकिटाकडे बघत बसले. खरं सांगते, काही ठरवलं नव्हतं. मला आधी कधीच काही सुचत नाही.

सातला दिलदार उतरला. बाहेर टॅक्सी उभी. आल्या आल्या त्यानं काउंटरवर नोटा मांडल्या, पत्त्यांसारख्या. ही सुभेदाराची, ही झाडूवालीची, ही तुझी राणी. वकीलीण चार पावलांवर उभी होती, तिच्याकडे त्यानं बघितलंही नाही.

"पासपोर्ट."

मी पाकीट काढलं. आणि ते द्यायच्या ऐवजी त्यावर हात ठेवला.

"देते. पण यांच्याकडून अजून कळलेलं नाही."

"कुणाकडून?"

"तुमच्या सोबती. सगळं ठीक आहे, सोडा, असं त्या म्हणाल्या की देते."

तो हसला. "नियम तिच्यासाठी आहे."

"माहितीय. मीच लिहिलाय. आजपासून तुम्हालाही आहे."

"कुणी ठरवलं?"

"आत्ताच. मी."

त्याचं हसू गेलं. तो जे बोलला ते इथं लिहीत नाही, कागद काय म्हणेल. त्यानं पाकिटाकडे हात घातला, मी ते सरळ ब्लाउजच्या आत घातलं. आता ये म्हटलं, हात लाव. त्यानं सुभेदाराला हाक मारली, "ए, घे ते तिच्याकडून!"

सुभेदार दारातून हलला. मला वाटलं, संपलं. पण तो बाहेर गेला, टॅक्सीवाल्याच्या खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "इंजिन बंद कर रे. साहेबांना वेळ आहे."

परत येऊन आपल्या जागी उभा राहिला. कुणाकडेच बघत नव्हता. कान मात्र लाल.

तेवढ्यात जिन्यावरून आक्का. चादरींचं गाठोडं पोटाशी धरलेलं. "साहेब, तुमचा हरवलेला लायटर डाव्या खिशात आहे. शर्ट बदललात तरी खिसा तोच असतो तुमचा."

आरडाओरडा ऐकून दादा पायजम्यावर कोट चढवून धावत आला. "भिंगरी! वेड लागलं का? दे ते!"

"कार्ड दे, मग देते."

"साहेब, लहान आहे ती, मी आत्ता..."

"तिला सोड," दिलदार घड्याळ बघत ओरडला, "त्या बाईचं कार्ड दे आधी! विमान जाईल माझं!"

"पण साहेब, तुम्हीच म्हणालात..."

"म्हणालो! तीन दिवस कुलपात ठेवायचे तुला तीन दिवसांचे दिले ना? दर वेळी देतो ना? आता मीच सांगतोय, काढ!"

दादानं माझ्याकडे बघितलं नाही. कपाटाशी जाऊन वाकला. किल्ली भोकात जाईना.

दर वेळी. मी ते दोन शब्द ऐकले. डबा, उशीवरचे पैसे, बटण लावत खाली येणं. सगळं माझ्या समोरच तर होतं. आणि मी सँडविच खात होते!

वकीलिणीनं कार्ड घेतलं. पुढून बघितलं, मागून बघितलं. पुस्तकात ठेवलं. मग मी विचारलं, रीतसर, जसं पाहुण्यांना विचारतो तसं: "बाई, सगळं ठीक आहे? सोडू का यांना?"

ती म्हणाली, "थांब. आठवून बघते."

दिलदारच्या कपाळावरची शीर उडत होती. बाहेर टॅक्सीवाला खिडकीतून मान काढून बघत होता. फुकट खेळ कोण सोडतो!

"मला सॉरी म्हणायला सांगितलं होतं ना वर येऊन?" वकीलीण म्हणाली. "तुम्ही खालीच म्हणा. मला वर यायला वेळ नाही."

तो पुटपुटला.

"सुभेदार लांब उभे आहेत. त्यांना ऐकू नाही गेलं."

तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. मी पासपोर्ट काढून काउंटरवर ठेवला. हातात नाही दिला. त्यानं नोटाही गोळा करून नेल्या, सगळ्या! दिलदार!

वकीलीण म्हणाली, "सोड," आणि धावत सुटली. मला थँक्यू वगैरे काही नाही. वेळच नव्हता.

मग लॉबीत दादा आणि मी.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, आजसुद्धा नाही. "तुला ठेवून घेतलं, जेवू घातलं. ते कुठून येत होतं असं वाटलं तुला? माझ्या पगारातून? माझा पगार माहितीय तुला?"

"नाही."

"विचारलास कधी?"

नाही विचारला. हे मात्र खरं. पण म्हणून काय झालं? पगार कमी आहे म्हणून दुसऱ्याचं आयुष्य कपाटात ठेवायचं? मी हे म्हटलं. चक्क माणूस समोर असताना सुचलं! तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर." मी म्हटलं, दुपारपर्यंत करते.

रविवार, १६

वकीलिणीच्या खोलीत आहे. तिनं स्वतः येऊन नेलं, माझी पिशवी उचलून. एवढ्या सामानात माणूस भटकतो का, म्हणून वाटेत वाद घातला. मग भाड्याचा किती वाटा द्यायचा यावर वाद. मी जास्त म्हणत होते, ती कमी.

शुक्रवारी ती मैदानावर पोचली तेव्हा फाटक लावत होते. कार्ड दाखवलं, आत घेतलं. चढावर बस मागं घसरली म्हणे थोडी. परीक्षक म्हणाला, बाईमाणूस, घाबरलात का? ती म्हणाली, ब्रेक सैल आहे, उतरून बघा. तो उतरून बघायला गेला. ब्रेक खरंच सैल होता की नाही ते ती सांगत नाही.

आज आईचा फोन आला. दादानं तिला आधीच गाठलेलं.

"तू पाहुण्याचा पासपोर्ट अडवलास?"

"थोडा वेळ. त्यांनी तिचं कार्ड तीन दिवस अडवलं, पैसे घेऊन, आई. आपल्या दादानं."

मग तिचा तो आवाज, समजूत घालायचा. "अगं, त्याच्यामागे संसार आहे. घरची गोष्ट घरात ठेवावी. त्याला फोन कर, चुकलं म्हण. पुन्हा घेईल तो तुला."

"मी का म्हणू? तो म्हणेल का तिला?"

"तिला कशाला? कोण लागते ती आपली? कुठल्या बाईसाठी तू आपल्या माणसाशी... मावशीला मी काय तोंड दाखवू?"

"तोंड दादानं दाखवावं," मी म्हटलं. आता तर माझा आवाज इतका चढला की शेजारच्यांनी भिंत वाजवली. "आणि कुठली बाई म्हणजे काय? ड्रायव्हर आहे ती. शहराची बस चालवते!"

"बस? बाई?"

गॅसपाशी अंडी फोडत असलेली वकीलीण तिथूनच ओरडली, "ए, आईशी खोटं बोलू नकोस! निकाल शुक्रवारी आहे. त्यांना म्हणावं, शुक्रवारनंतर विचारा!"